प्रल्हाद टेलरचा गिअरबॉक्स

प्रल्हाद टेलरला मी फसवलं होतं. आज पहाटे ते गेले, म्हणून आता लिहायला सोपं जातंय.

सकाळपासून तुमच्या पोस्ट वाचतोय. ‘हुन्नरी माणूस गेला.’ ‘नेरचा हिरा हरपला.’
तीन वर्षांपूर्वी त्यांच्या व्हिडिओखाली हसून लोळणारे इमोजी टाकणारे तुम्हीच होता. स्क्रोल करून बघा, सगळं आहे अजून.

व्हिडिओ अर्थात मीच टाकला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रल्हादभाऊंचं शिलाईचं दुकान माझ्या गॅरेजच्या अगदी समोर. साठी ओलांडलेला माणूस. पॅन्ट शिवावी तर त्यांनीच.

त्यांच्या बायकोला, शोभावहिनींना, लकवा मारला. डावी बाजू गेली, मोटरसायकलवर बसता येईना.
वहिनींची म्हातारी आई नाल्यापलीकडच्या खेड्यात. पावसाळ्याचे चार महिने तिथला रस्ता म्हणजे नुसती काळी माती. ऑटो जात नाही, कार रुतते.
“मायले एकदा पाहाचं हाये,” एवढंच वहिनी म्हणायच्या.

म्हणून भाऊंनी गाडी बांधायला घेतली. स्वतः. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये.

जुन्या जीपची चेसिस, कुठलं तरी इंजिन, पत्र्याची बॉडी. पत्र्यावर टेलरच्या खडूच्या खुणा. वहिनींना खुर्चीत बसवून, टेप लावून दाराचं माप घेतलं. कापडात सोडतात तसं पत्र्यातही अर्धा इंच मार्जिन सोडलं.
आम्ही त्यावरून महिनाभर हसलो.

मग गिअरबॉक्स.

माझ्याकडे भंगारात दोन फोर व्हीलचे गिअरबॉक्स पडले होते. एकाचा पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट डावीकडून निघायचा, दुसऱ्याचा उजवीकडून. भाऊंच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा गोळा, ज्यात तो शाफ्ट बसतो, डावीकडे होता.
म्हणजे डावा गिअरबॉक्स घ्यायचा. विषय संपला.

पण नाही. पंधरा दिवस रोज येणार, दोन्हीचे गिअर पाडून बघणार, कापड चाचपावं तसं.
“राजू, हा उजवा लय मऊ पडते रे.”
“मंग घ्या तोच.”
“पन गोळा त डाव्या बाजूले हाये.”
“मंग पाहा तुमचं तुमी.” मला वैताग आला होता.

उजवाच नेला. दोन दिवसांनी खुशीत आले.
“जमलं! डावी बाही उलटवली का उजवी होते. अ‍ॅक्सल उलटा बसवला, गोळा आला उजव्या बाजूले!”

बाहीचं जमतं. अ‍ॅक्सल उलटा केला की त्याची चाकंही उलटी फिरतात. मागची चाकं गाडी पुढे ढकलणार, पुढची मागे ओढणार. मला हे तिथल्या तिथे कळलं.

मी म्हणालो, “वा भाऊ, इंजिनियर हाय तुमी.”

का म्हणालो? मजा येणार होती म्हणून. दुसरं कारण नाही, शोधू नका.

डांबरी रस्त्यावर गाडी छान चालली. तिथे फोर व्हील लावावंच लागत नाही, मागची दोन चाकं पुरतात.

आषाढात निरोप आला, वहिनींच्या आईचं काही खरं नाही. भाऊंनी वहिनींना गाडीत बसवलं आणि निघाले. मी पाच-सहा जण गोळा केले आणि मोटरसायकलींवर मागे. मदतीला नाही. बघायला.

नाल्याच्या अलीकडे चिखल लागला. भाऊ ओरडले, “आता पाहा फोर व्हील!” आणि दांडी ओढली.

गाडी थरथरली. पुढची चाकं मागे, मागची पुढे. म्हैस बसते तशी जागेवरच बसली. भाऊंचा चष्मा चिखलाने भरला. आम्ही पोट धरधरून हसलो.
वहिनी आत रडत होत्या. ते व्हिडिओत नीट दिसत नाही.

ट्रॅक्टर आणला, गाडी मागे ओढली. ट्रॅक्टरवर बसून पुढे जायचं तर वहिनींना तोल धरता येईना. परत आले.
तिसऱ्या दिवशी आई गेली. मातीलाही वहिनी पोचल्या नाहीत.

त्यानंतर भाऊ दुसरा गिअरबॉक्स न्यायला आले. उचलण्याआधी विचारलं,
“राजू, तुले माहीत होतं काय?”
“नाही भाऊ. मले काय माहीत?”
मग म्हणाले, “बरं.”

अ‍ॅक्सल सरळ केला, डावा गिअरबॉक्स बसवला. गाडी चिखलातून सुरेख जायची. फक्त आता जायला ते घर उरलं नव्हतं. वहिनींना बाजाराला न्यायचे.

माझी दिवाळीची पॅन्ट शिवत राहिले. “पोट सुटून राह्यलं तुह्यं,” म्हणत कमरेला जास्तीचं मार्जिन सोडायचे.

आज सकाळी तीच पॅन्ट घालून त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी साधा.

“भाऊजी, तुमचा तो व्हिडिओ यायनं मोबाइल कानाले लावून आयकला होता. दांडी ओढाच्या आंधीच तुमी म्हनता त्यात, ‘पाहा आता, पुढचे चाकं उलटे फिरतीन.’”

मी तो व्हिडिओ आवाज लावून कधी बघितलाच नव्हता. त्यात फक्त आमचं हसणंच ऐकू येत असेल, असं वाटायचं.

“मी म्हनलं यायले, तुमाले आंधीच माहीत होतं त राजूले विचारलं कायले? त म्हने, त्याच्याच तोंडून येऊ द्याव म्हनलं.”

तीन वर्षं. मधे फक्त एक रस्ता. रोज सकाळी शटर उघडताना ते मला हात करायचे, मी त्यांना हात करायचो.

व्हिडिओ डिलीट करायला घेतला होता. नाही करत. राहू दे तिथेच. आज आवाज मोठा करून ऐका, सुरुवातीला बोलतो तो मी आहे.

होय भाऊ. माहीत होतं मले.

श्रद्धांजली वाहायचं तोंड मला नाही, ती बाकीच्यांनी वाहा.
या आता, प्रल्हादभाऊ.