दुसऱ्यांदा तीच मांडणी

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा एका रविवारी दुपारी जावयाबरोबर, समीरबरोबर, टीव्हीवर त्यांचा तो चेंडू हातात घेऊन धावायचा फुटबॉल पाहत बसलो होतो. अचानक एका संघाने विचित्र मांडणी केली. धिप्पाड गडी सगळे एका बाजूला सरकले आणि चेंडू नेहमीच्या म्होरक्याकडे न जाता थेट दुसऱ्याच खेळाडूच्या हातात गेला. समोरचे गोंधळले, आणि तो मोकळ्या मैदानातून धावत सुटला.

"असल्या युक्त्या नेहमी चालतात?" मी समीरला विचारलं.

"एकदा चालतात, बाबा," तो म्हणाला. "पण इथे समोरचेही प्रत्येक चालीचं चित्रण पुन्हा पुन्हा लावून बघतात."

उत्तरार्धात त्यांनी पुन्हा तीच मांडणी केली. या वेळी समोरच्या फळीतला एक जण काहीतरी ओरडला आणि बाकीचे निमूटपणे दोन पावलं सरकले. कुणीच गोंधळलं नाही.

"अरे, त्यांना कळलंय!" मी टीव्हीसमोरच ओरडलो.

चेंडू पुन्हा त्याच खेळाडूच्या हातात गेला आणि तिघांनी त्याला एकदम आडवं केलं. तो उठला नाही.

आपली युक्ती दुसऱ्याला कळली आहे, हे माणसाला बहुधा सगळ्यांत शेवटी कळतं. आपण मघाच्या आनंदातच उभे असतो आणि समोरचे शांतपणे जागा बदलत असतात.

त्या खेळाडूला जखमींना नेणाऱ्या छोट्या गाडीवर ठेवून मैदानाबाहेर नेऊ लागले. समीरने टीव्हीचा आवाज बंद केला.

"हात हलवला का त्याने? ठीक असले की जाताना हलवतात ना?" स्वयंपाकघरातून मुलीने विचारलं.

आम्ही दोघंही पडद्यावरच्या त्याच्या हाताकडे बघत होतो; तो अजून हलला नव्हता.