वसंत दारू पितो, याचा पुरावा

आमच्या गावी, कडावात, आम्ही पहिल्यांदा भाड्याने व्हिडिओ आणला, त्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुशीचं, ठरत आलेलं लग्न एका संध्याकाळी मोडलं. कारण: मुलगा दारू पितो. पुरावा: व्हिडिओ कॅसेट. पुरावा तपासणारा: मी.

मुलगा कुंभिवलीचा, नाव वसंत, कारखान्यात कायम. सुशीने त्याला एकदाच पाहिलं होतं आणि लगेच हो म्हणून टाकलं होतं. त्याच्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट मामाने कौतुकाने आणली; टीव्ही आणि व्हीसीआर कर्जतहून टेंपोने आले. शूटिंगवाल्याने मूळ आवाज पुसून वर सिनेमाची गाणी भरली होती. त्यामुळे कोण काय बोलतंय ते कळेना. दिसत होत्या फक्त हालचाली.

त्रिशरण झालं, हार घालून झाले आणि वसंत विहारासमोरच्या मांडवातून रस्त्यावर आला. दोन पावलं नीट टाकली. मग डावीकडे झुकला, उजवीकडे हेलपाटला, एक उडी मारली आणि एका म्हाताऱ्याच्या गळ्यात पडला!

"पिलाय!" आत्या ओरडली.

"मागं घे रं," आई मला म्हणाली. मी कॅसेट मागे घेतली. (उलटा जातानाही तो तसाच चालत होता.)

आमच्या घराण्यात पिणारा माणूस एकच, बबनकाका. ताडून बघायला दुसरा नमुनाच नव्हता. त्यांना टीव्हीशेजारी उभं केलं.

"चालून दाखवा, भावजी."

"आता? आता मी शुद्धीत हाय, वयनी."

"मग आठवून चाला!"

काका मनापासून चालले. झुकले, हेलपाटले, शेवटी आत्याच्या गळ्यात पडले. हुबेहूब!

"उडी कुठं मारली काकांनी?" सुशीने विचारलं.

"वयाचा फरक," मी म्हणालो. मुंबईच्या वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याची नोकरी असल्याने माझा शब्द शेवटचा ठरला. सुशी आत गेली. रात्री जेवली नाही.

रविवारी नकार कळवायला मीच कुंभिवलीला गेलो. वसंतच्या घरची मंडळी विहारात वंदनेला बसली होती. चपला बाहेर काढून मीही मागे बसलो. वंदना संपली. बाहेर आलो, तर चपला गायब! समोर भर दुपारचा डांबरी रस्ता, पलीकडे त्यांचं घर.

"चला की पाव्हणं," वसंतची आई म्हणाली.

दोन पावलं मी नीट टाकली. मग डावीकडे झुकलो, उजवीकडे हेलपाटलो, एक उडी मारली आणि समोरच्या माणसाच्या गळ्यात पडलो. तो वसंत होता.

"अगं बया! पोरीचा भाऊ पिऊन आलाय गं!"

"पिऊन नाय, आये. चपला गेल्या त्यांच्या," वसंत म्हणाला. "ताईच्या लग्नात माज्या बी इथनंच गेल्या नव्हत्या का? फोड आलं व्हतं पायाला." त्याने स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि उड्या मारत घरी गेला.

"मग, निरोप काय आणलाय?" त्याच्या वडिलांनी विचारलं.

"पसंत आहे," मी म्हणालो.

लग्न झालं. त्याचीही कॅसेट निघाली, आवाजाच्या जागी गाणीच. तीत वसंतची आई पंगतीत माझ्यापुढे लिंबू पिळलेल्या पाण्याचा ग्लास धरते आणि तो संपेपर्यंत उभी राहते. शेजारी बबनकाका बसलेले आहेत. त्यांना तिने विचारलंही नाही.