टाचणात नसलेला तास

रेवा, ओजस, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबांनाही नाही. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा हे बहुधा बाबाच वाचून दाखवेल. म्हणजे त्यालाही कळेल. कळू दे.

मागच्या रविवारी रेवाचा फोन आला. तिच्या वर्गात कोलंबसावर चर्चा आहे, तो थोर होता की गुन्हेगार. आजी, तू इतिहास शिकवायचीस ना, तू काय सांगायचीस? मी म्हणाले, मी मुलींना सगळं खरं सांगायचे. रेवा खूश झाली. फोन ठेवला. खोटं नव्हतं ते. पण खरं तरी होतं का?

बाबाने तुम्हाला माझ्या वहीची गोष्ट सांगितलीच असेल. घरात सगळ्यांना ती पाठ आहे. आम्ही तेव्हा धुळ्याला राहायचो, नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी मुलींच्या शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवायचे. शिक्षकाला रोज टाचण काढावं लागे, म्हणजे उद्या कोणत्या तासाला काय शिकवणार ते आदल्या दिवशी वहीत लिहायचं आणि मुख्याध्यापिकांची सही घ्यायची. बहुतेक जण आठवड्याचं टाचण शनिवारी एकदम उतरवून काढायचे. मी रोज लिहायचे. पट्टीने समास, उद्दिष्टं निळ्या शाईत, मुद्दे काळ्या. शाळेची तपासणी झाली तेव्हा शिक्षण खात्यातून आलेल्या साहेबांनी माझी वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि शेरा मारला, टाचण अनुकरणीय. त्या दिवशी घरी पेढे आले. बाबा सहावीत होता, त्याने चार खाल्ले.

एवढीच गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ती वही साहेबांच्या हातात का गेली, हे कोणी कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

माझ्या नववीच्या वर्गात यमुना नावाची मुलगी होती. पिंपळनेरच्याही पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावरची. धुळ्यात वसतिगृहात राहायची. हडकुळी, फार न बोलणारी. नकाशा लावायचं आणि काढायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. जगाचा मोठा कापडी नकाशा होता. तास संपला की ती तो गुंडाळायची, दोरी बांधायची आणि विचारायची, ‘बाई, कपाटात ठेवू का?’ रोज विचारायची. कुठे ठेवायचा हे तिला माहीत नव्हतं का? पण विचारायची.

पुस्तकात कोलंबसावर दीड पान होतं. धाडसी, चिकाटीचा, नव्या जगाचा शोध लावणारा. ते मी शिकवलं. तास संपायला दहा मिनिटं होती आणि मला राहवलं नाही. जळगावला वडिलांच्या कपाटात एक इंग्रजी पुस्तक होतं, ते मी सासरी आणलं होतं. त्यातलं मी मुलींना मराठीत सांगितलं. तो उतरला त्या बेटांवर आधीपासून माणसं राहत होती. ती त्याला पोहत भेटायला आली, त्यांनी त्याला पोपट दिले, कापसाचं सूत दिलं. आणि त्याने लिहून ठेवलं की हे लोक चांगले चाकर होतील. पुढे त्यांचं काय झालं तेही सांगितलं. मुली लक्ष देऊन ऐकत होत्या. मला स्वतःचं जरा कौतुक वाटलं, हेही सांगून टाकते.

टाचणात यातलं काही नव्हतं. घरी जाऊन लिहिता आलं असतं. पण पान भरलेलं होतं, सही झालेली होती. खाडाखोड मला चालत नसे.

सहामाहीला प्रश्न आला, कोलंबसाच्या कामगिरीचे मूल्यमापन करा. पाच गुण. सगळ्यांनी चार मुद्दे लिहिले, तेच, त्याच क्रमाने. यमुनाने लिहिलं की माणसं राहतात त्या जागेचा शोध कसा लागेल? आमच्या पाड्यावर पहिल्यांदा जीप आली तेव्हा आम्ही तिथेच होतो. मी तिला पाचपैकी साडेचार दिले. आनंदाने दिले.

महिनाभराने तपासणी आली. साहेब माझ्या तासाला मागच्या बाकावर बसले आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा चाळू लागले. तिची उत्तरपत्रिका त्यांनी बाहेर काढली, तिला उभं केलं आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं.

‘मग काय गं, जीपवाल्याने तुमचा शोध लावला का?’

मुली हसल्या. साहेबही हसले, वाईट माणूस नव्हता तो. मग त्यांनी विचारलं, हे पुस्तकात कुठे आहे?

‘पुस्तकात नाही, साहेब. बाईंनी सांगितलं.’

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज वाटली नसेल. बाई इथेच उभ्या आहेत, बाई सांगतीलच.

साहेबांनी टाचण मागितलं. मी वही दिली. त्यांनी ते पान काढलं, बोट फिरवत वाचलं आणि म्हणाले, ‘यात तर असं काही नाही, बाई.’

मी म्हणाले, ‘नाही, साहेब. टाचणात नाही.’

इथे थांबता आलं असतं. पुढे एक वाक्य घालता आलं असतं, टाचणात नाही, पण वर्गात मी सांगितलं होतं. केवढं वाक्य आहे हे? साहेब म्हणाले, म्हणजे ही खोटं बोलते? आणि मी — सावकाश, शांतपणे, अगदी समजूतदार आवाजात — म्हणाले, ‘मुलींना कधी कधी ऐकलेलं आणि मनाने रचलेलं यातला फरक कळत नाही.’

चाळीस मुली बसल्या होत्या. सगळ्यांनी तो तास ऐकला होता. एकही बोलली नाही.

यमुना म्हणाली, ‘हो साहेब. मीच मनाने लिहिलं.’

मला वाचवायला म्हणाली की दमून म्हणाली? मला अजून कळलेलं नाही. पण मी ते घेतलं. तिने दिलं आणि मी घेतलं.

मग साहेबांनी वही पुन्हा चाळली आणि वहीचं कौतुक सुरू झालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुपारी मधल्या सुट्टीत शाळेतल्या शिपाई मावशी आल्या. ‘बाई, ती पोर जेवनी बी नही,’ म्हणाल्या. मी वह्या तपासत होते. हो का, म्हणाले.

त्या वर्षी शाळेतून एका मुलीचं नाव नाशिकच्या निवासी शाळेसाठी जायचं होतं. तिथून पुढे शिक्षिका होता येत असे, आणि यमुनाला तेच व्हायचं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिचंच नाव ठरवलेलं होतं. तपासणीनंतर त्या म्हणाल्या, साहेबांसमोर खोटं बोललेली मुलगी कशी पाठवणार? वर्गशिक्षिका मी होते. वर्तणुकीच्या रकान्यात मी ‘उत्तम’ऐवजी ‘समाधानकारक’ लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. दुसरी मुलगी गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर यमुना वसतिगृहात परत आली नाही. पिंपळनेरची एसटी रोज आमच्या घरावरून जायची. मी कधी चौकशी केली नाही.

नोकरी जाईल अशी भीती होती का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते, नव्हती. मी केव्हाच कायम झाले होते. फार तर साहेब म्हणाले असते, टाचणात लिहीत चला. एवढंच. इतक्या स्वच्छ वहीला कोणी नाव ठेवू नये, एवढंच मला हवं होतं.

वही अजून आहे, इथेच माझ्या कपाटात, खाकी कव्हर घातलेली. ते पान मी परवा काढून पाहिलं. एकही डाग नाही.

आणि त्या दिवशीचं एक राहिलं. साहेब गेले, घंटा झाली, मुली बाहेर पडल्या. यमुना पुढे आली. तिने नकाशा खिळ्यावरून काढला, जमिनीवर पसरला, गुडघ्यांवर बसून नीट गुंडाळला आणि दोरी बांधली. मी टेबलापाशी उभी होते, वही छातीशी धरून. वर्गात आम्ही दोघीच होतो.

‘बाई, कपाटात ठेवू का?’

मी म्हणाले, ‘ठेव.’