तिसरी पिन

भित्रं माणूस दिसलं की लोक हसतात. हसा बापडे! पण जपूनबाईसारखं घाबरायला अक्कल लागते. झुरळ, पाल, अंधार, असल्या फुटकळ गोष्टींना ती भीक घालत नसे. ती घाबरायची फक्त विजेला, आणि नशिबाची थट्टा बघा, पोट भरायची तेही विजेच्याच कामावर. पंख्याच्या मोटारी आणि छोटे ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये ती तांब्याची तार गुंडाळायची. शेजारणीने प्लगला हात लावला रे लावला की हिचं "जपून!" ठरलेलं. म्हणून जपूनबाई. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कानावर यायचं.

ही भीती बापाकडून आली. बाप वायरमन होता. शिडीवर असताना शॉक बसला, खाली आला, तो पुन्हा पायावर उभा राहिलाच नाही. शिडी धरायला फ्रॉकातली हीच होती. हे ती कुणाला सांगत नसे. नवऱ्यालाही अर्धंच माहीत होतं. तो ट्रक चालवायचा, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर, आणि म्हणायचा, "हिला शेजारी बसवली की माझे ब्रेक झिजतात."

लेक मात्र कुणाच्या वळणावर गेली होती कोण जाणे! गिटार गळ्यात, केस मोकळे, आणि भीती म्हणजे काय ते शब्दकोशात बघायला लागेल अशी. गायची, वाजवायची, स्टेजवर नुसती नाचायची. तिला एक सोडून दोन अँप्लिफायर हवे होते. एकाचा आवाज स्वच्छ, दुसऱ्याचा खरखरीत आणि जाड. पायाखाली पेडल, एक बटण दाबलं की गिटार स्वच्छ आवाजात, दुसरं दाबलं की जाड आवाजात, आणि दोन्ही दाबली की दोघं मिळून. असलं पेडल बाजारातून आणायचं म्हणजे चैनच, म्हणून आईने ते पत्र्याच्या डबीत घरी बनवून दिलं. सोल्डरिंग इतकं सुबक की काकासुद्धा बघत राहिला.

हा काका म्हणजे जपूनबाईचा धाकटा दीर, पुतणीचा ड्रमवाला. मनाने सोनं, पण हातात सदा पक्कड. कुठलंही काम दिसलं की याच्या अंगात यायचं.

जाड आवाजाचा अँप्लिफायर जुना होता, काकानेच कुठून तरी उचलून आणलेला. जपूनबाईने टेस्टर लावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर थकला होता, पेटीच्या पत्र्यावर करंट उतरत होता.

"याला मी नव्याने तार गुंडाळते," ती म्हणाली. "मग वाजव."

"आई, कार्यक्रम रविवारी आहे!"

"मग निदान ही तिसरी पिन," जपूनबाईने नवा प्लग लावत सांगितलं, "हिला हात लावायचा नाही. पत्र्यावर उतरलेला करंट हिच्यातून मुकाट जमिनीत जातो. ही नसली तर तो माणूस शोधतो."

"बरं बाई. पण तूही एक कबूल कर. या वेळी मध्ये यायचं नाही."

पोरीचंही चुकत नव्हतं. आधी दोनदा जपूनबाईने भर कार्यक्रमात मेन स्विच बंद केला होता. एकदा जळका वास आला म्हणून, आणि तो निघाला बाहेरच्या चहाच्या टपरीवरच्या करपलेल्या दुधाचा. दुसऱ्यांदा ठिणगी दिसली म्हणून, आणि तो निघाला फोटोवाल्याचा फ्लॅश! लोक पोट धरून हसले. पोरगी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली.

"या वेळी बंद केलंस ना," ती म्हणाली, "तर मी गाणं सोडीन, आणि तुझ्याशी बोलणंसुद्धा."

"नाही येणार. तोंडाला कुलूप आणि हाताला बेडी, झालं?"

रविवारी दुपारी कामगारांच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. सकाळी सगळं मांडलं, पोरीने दोन्ही बटणं दाबली, आणि हॉलभर "घूंऽऽऽ" असा आवाज सुरू झाला. डोक्यात भुंगा शिरावा तसा.

"दोन अँप्लिफायर दोन वाटांनी जमिनीला जोडलेत आणि पेडलमध्ये एकमेकांना भेटतात, म्हणून घुमतंय," जपूनबाई म्हणाली. "मध्ये एक बारकासा ट्रान्सफॉर्मर टाकला की गप्प बसेल. वर्कशॉपमधून घेऊन येते. तोवर कशाला हात लावू नका."

ती परत आली तर घुमणं थांबलेलं.

"गेलं की, वहिनी!" काका ड्रममागून ओरडला. "जरा वायरी हलवल्या."

"भाऊजी, नुसत्या वायरी हलवून ते जात नसतं. मला बघू दे."

पण दारं उघडली होती, लोक आत येत होते, आणि लेक डोळे वटारून आईकडे बघत होती. ते डोळे स्पष्ट म्हणत होते, कबूल केलंयस. जपूनबाई मुकाट मागे फिरली. लोक मधल्या खुर्च्या पकडतात, हिने स्टेजच्या बाजूची, स्विचबोर्डाजवळची पकडली.

पहिली नुसती धून होती, गाणं नव्हतं. दोन्ही अँप्लिफायर एकदम वाजत होते आणि खरं सांगायचं तर कान तृप्त होत होते. जपूनबाईची मान डोलायला लागली. तेवढ्यात पायाला काहीतरी टोचलं. वाकून बघते तर पितळेची पिन. पकडीने मोडलेली, ताजी, चकचकीत.

तिने ती उचलली. जुन्या अँप्लिफायरची जमिनीशी जोडलेली वाटच काकाने तोडली होती! घुमणं गेलं ते त्यामुळे. आता त्याच्या पत्र्यावरचा करंट फक्त पेडलमधून, तिथून स्वच्छ अँप्लिफायरकडे गेलेल्या पातळ वायरीतून जमिनीत जात होता. ती वायर जागेवर होती म्हणून पोरगी नाचत होती.

बंद करू? हात उठला आणि तिथेच थांबला. वायर आहे ना जागेवर. एवढी धून संपू दे, मग हळूच सांगते. पुन्हा लोक हसतील, पुन्हा ती उशीत तोंड खुपसून रडेल, आणि या वेळी तिने बोलणं टाकलं म्हणजे? घाबरट बाई! आयुष्यभर विजेला भ्यायली, आणि आता पोटच्या पोरीला भीत होती. घामाने पिन हातातून निसटत होती. धून संपता संपत नव्हती.

पोरीने एक गिरकी घेतली. पायात वायर अडकली, ताणली गेली.

स्वच्छ आवाज बंद पडला.

बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. गिटार वाजतच होती, फक्त एकट्या जाड आवाजात. पण जपूनबाईला जे कळायचं ते कळलं. पातळ वायर निघाली. आता करंट पेडलमधून गिटारच्या तारांवर येऊन थांबलाय, पोरीच्या पायात रबरी बूट आहेत म्हणून तिला काही कळत नाही, आणि समोर लोखंडी जाळीचा माईक जमिनीशी जोडलेला उभा आहे.

पोरगी पेडलकडे बघून हसली. डाव्या हाताची मूठ तारांवर तशीच ठेवून ती लोकांची माफी मागायला माईककडे वाकली.

 जपूनबाईचा हात मेन स्विचवर गेला. खट्!

सगळं शांत झालं. पोरीचे ओठ माईकपासून दोन बोटांवर होते.

"आई!" ती किंचाळली. "कबूल केलं होतंस तू!"

मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, "आली बघा फ्लॅशवाली आई!" हॉल खदखदून हसला. जपूनबाई स्टेजवर चढली. तिने लेकीच्या गळ्यातून गिटार काढली, लाकडी खुर्चीवर ठेवली, सगळ्यांना लांब उभं केलं, स्विच पुन्हा चालू करायला लावला आणि टेस्टर काकाच्या हातात दिला.

"भाऊजी, तारेला टेकवा."

काकाने टेकवला. टेस्टरमधला दिवा भगभगीत पेटला.

हसणं जागच्या जागी विरलं. काकाने स्वतःच्या पकडीकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. "वहिनी, मला वाटलं एवढीशी पिन..." 

 लेक दिव्याकडे बघत होती, आणि नकळत तिचा हात स्वतःच्या ओठांवर गेला होता.

जपूनबाईने जुना अँप्लिफायर उचलून बाजूला ठेवला. एकटा स्वच्छ अँप्लिफायर जोडला, त्याच्या तिन्ही पिना बोटाने चाचपल्या, तारांना टेस्टर लावला, माईकला लावला. दिवा पेटला नाही. "झालं बघ. ये."

"नाही."

"अगं, आता काही नाही."

"मघाशी तरी कुठे काही दिसत होतं?" पोरगी पडद्याला चिकटून उभी होती, हात पाठीमागे, पांढरीफटक. "मी नाही लावणार हात. मला भीती वाटते, आई."

हे शब्द या पोरीने जन्मात उच्चारले नव्हते.  पोरगी जिवंत होती, पुढ्यात उभी होती, आणि तरी तिचं काहीतरी गेलं होतं.

जपूनबाईने गिटार स्वतःच्या गळ्यात घातली. सगळ्या तारा एका मुठीत घट्ट आवळल्या. टेस्टर काय म्हणाला ते ठाऊक होतं, हिशोब ठाऊक होता, आणि तरी अंगाला दरदरून घाम फुटला होता. तिने डोळे मिटले आणि थेट माईकवर ओठ टेकवले.

काही झालं नाही.

"हॅलो," तिचा चिरका आवाज हॉलभर घुमला. "ऐकू येतंय का?"

"येतंय, येतंय!" लोक म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

मग लेक हळूहळू पुढे आली. आईने गिटार तिच्या गळ्यात घातली आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पोरगी गायली, सुरात गायली. पण जी माईक गिळायला निघाल्यासारखी गायची, ती आज हातभर मागे उभी होती. आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हता. "मोठ्याने!" कुणीतरी ओरडलं. ती तसूभरही हलली नाही.

स्विचबोर्डाजवळ बसून जपूनबाई पुटपुटत होती, "पुढे हो गं. काही होत नाही. अजून जरा पुढे हो, माझे आई."