ग्रामसभा होळीला घ्या

मंडळी, आज दुपारी एमएच्या प्रवेशाची ऑनलाइन मुलाखत दिली. विषय आहे दुर्गम भागांसाठीचं सार्वजनिक धोरण. आमच्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून आई आणि मी सकाळीच डोंगर उतरून बेटेगावला मावशीच्या खोलीवर आलो.

मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून आई दाराला चिकटून बसली.

एका सरांनी विचारलं, "तुमचा पाडा एवढा दुर्गम. तिथे योजना पोहोचणार कशी?"

पाठ केलेलं उत्तर तयार होतं. पण तोंडून वेगळंच निघालं.

"सर, दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्याचा टेम्पो थेट आमच्या अंगणात येतो. कोणाच्या घरी कामाची माणसं किती, हे त्याला न विचारता माहीत असतं. सव्वीस जानेवारीला ग्रामसभा भरते तेव्हा अख्खा पाडा भट्टीवर असतो. होळीला मात्र आमच्याकडे झाडून सगळे घरी येतात. ग्रामसभा त्या आठवड्यात घ्या."

सर हसले नाहीत. "बोला, पुढे बोला," म्हणाले. मग काय, मी बोलतच राहिले!

फोन ठेवल्यावर आईला विचारलं, "कसं झालं गं?"

"बरा बोललीस. होळीला सभा घेतली तं मी पयली उठंन. मना जाम बोलायचा हाय."

निकाल यायचाय, पण प्रवेश मिळणार, बघाच तुम्ही. तोवर एवढंच सांगा, जिथे भट्टीवाल्याचा टेम्पो दरवर्षी न चुकता पोहोचतो, तो पाडा दुर्गम नक्की कोणासाठी आहे?