प्रांजलच्या लग्नाचं शूटिंग

शिक्रापुरात चाकण रोडला इब्राहिमचं व्हिडिओचं दुकान होतं. लग्नाचं शूटिंग करायचं, कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायचं आणि सीडी बनवून द्यायच्या. कॉम्प्युटर जुना, कुणीतरी वापरून काढलेला.

२००५च्या उन्हाळ्यात कवठे येमाईचे रोहिदास दुकानात आले आणि नुसते उभे राहिले. त्यांच्या लेकीचं, प्रांजलचं लग्न इब्राहिमनंच शूट केलं होतं. वर्षाच्या आत बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं.

"सीड्या तिच्या सासरीच हायेत. मागितल्या तर सापडत न्हाईत म्हणत्यात. तुमच्याकडं काय असंल का, इब्राहिमभाई? तिच्या आईनं धोसरा काढलाय."

कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटवर इब्राहिमनं कधीच दुसरं लग्न भरलं होतं. पण कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये शूटिंगचे तुकडे अजून पडून होते.

"हाय, आप्पा. उद्या संध्याकाळी या."

सकाळी त्यानं नवी डिस्क जोडली आणि एकेक तुकडा तिच्यावर उतरवायला घेतला. पहिला कसाबसा उतरला. दुसऱ्याला, किती उतरलं ते दाखवणारी हिरवी पट्टी जागची हलेना. किती वेळ लागेल ते स्क्रीनवर दिसायचं, तो आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. जुनी डिस्क मधूनच कण्हल्यासारखी वाजायची. त्यानं अँटीव्हायरस बंद केला, बाकीचं सगळं बंद केलं. काही फरक नाही. दुपारी लोडशेडिंग, लाइट जाणार. आतली चपटी केबल जुनी झाली असेल, ती बदलली की धडाधड उतरेल, असं त्याला वाटलं.

पण केबल बदलायची तर कॉम्प्युटर बंद करावा लागणार. दुखणाईत डिस्क एकदा थांबली की परत फिरेलच याचा नेम नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं बटण दाबलं.

नवी केबल लावून कॉम्प्युटर चालू केला, तर आतून टक, टक, टक. डिस्क दिसेनाच. संध्याकाळी रोहिदास आले. "काम चालूय," म्हणत त्यानं त्यांना परत धाडलं. पुण्याला डिस्क दाखवली. आतली तबकडीच खरवडली गेलीय, असं तिथले दुरुस्तीवाले म्हणाले.

मग तो पाटसला प्रांजलच्या सासरी गेला. सासरे हौसराव यांनी बसवलं, चहा दिला.

"घरात नवी सून यायचीय," ते सावकाश म्हणाले. "त्या सीड्या आमी कवाच मोडून टाकल्या."

शेवटी तो कवठ्याला गेला.

"आप्पा, माझ्या घाईनं गेलं. हळू का होईना, चालू होतं. मीच बंद केलं."

रोहिदासांची बायको विठाबाई दारात उभी होती.

"कायच न्हाई का ऱ्हायलं?"

हळदीचा तेवढा तुकडा उतरला होता, त्याची सीडी त्यानं आणली होती. शेजारच्यांच्या टीव्हीवर लावली. बायका हसत हळद फासत होत्या. मध्ये डोळे घट्ट मिटून बसलेली प्रांजल म्हणत होती, "पुरं की गं आता, डोळ्यात गेली!" तेवढ्यात कुणाची तरी पाठ आडवी आली आणि चित्र संपलं.

रोहिदास उठून बाहेर गेले.

"तोंड न्हाई दिसलं नीट, हळदीनं," विठाबाई म्हणाली. "परत लावा."

इब्राहिमनं परत लावली.