तीन चिंचोके

मंचरात मी टिकलो तो शांतारामभाऊंमुळे. हे आधी सांगतो, नाहीतर पत्त्यांचंच सांगत बसेन. नववीत शाळा सोडून यवतमाळकडून आलेलो. कांद्याच्या बाजारात मला ओळखणारं कुणी नव्हतं. भाऊ हमालांच्या टोळीचे मुकादम. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "ह्यो माझा पावणा हाये. कुणाला काय अडचण?" कुणालाच नव्हती.

भाऊ घाटघरचे, डोंगरातले. बाजार बंद असला की दुपारी गोदामामागे बारदानावर आमचा पोकर बसायचा. टोळीतल्या दगडूनं तो मोबाइलवर शिकून आणला होता. प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मग मध्ये एकेक करत पाच उघडे. पैशांच्या जागी चिंचोके, हिशेब उठताना. मधले पत्ते उघडण्याआधी भाऊ खेळायला उतरले, की तीनच चिंचोके टाकायचे. हातात एक्क्यांची जोडी असली तरी तीन, फुटकळ पत्ते असले तरी तीन.

मी मात्र एक्के दिसले की सहा टाकायचो. सगळे पत्ते फेकून मोकळे. "यवतमाळ, एक्के आले का रं?" दगडू विचारायचा.

भाऊ मग समजावायचे, "सहा टाकलंस तर समदी पळत्यात. भिऊन एकच टाकलंस तर समदं गाव आत येतं. तीन टाक आन् गप बस. आपला पत्ता दुसऱ्याला दिसाय नको."

एकदा माझ्याकडे राजांची जोडी होती, दगडूकडे सत्त्यांची. सगळे चिंचोके मध्ये गेले आणि शेवटचा पत्ता पडला सत्ती. दगडूच्या तीन सत्त्या झाल्या, डाव त्याचा. मी पत्ते भिरकावले. भाऊ म्हणाले, "टाकलंस तवा तू पुढं व्हतास ना? मंग झालं. शेवटचा पत्ता काय तुझा नोकर हाये?"

दिवाळीनंतर एका बंदच्या दिवशी भाऊ उशिरा आले, बसले आणि त्यांनी पाच चिंचोके टाकले. पाच! मी कधीपासून याचीच वाट बघत होतो. "भाऊ, आज सापडलात! एक्के आहेत!" म्हणत मी राण्यांची जोडी उघडी टाकून दिली. बाकीच्यांनीही पत्ते टाकले. भाऊंनी आपले पत्ते उलटे केले. दुर्री आणि सत्ती, सगळ्यांत फुटकळ हात.

"मोजायचं चुकलं, राव," ते म्हणाले. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

खोलीकडे जाताना त्यांनी सांगितलं, सकाळी पुण्याला दवाखान्यात गेले होते. पोटात कॅन्सर, पसरलेला. मी रस्त्यातच ओरडलो, "तुम्ही तर कधी तंबाखूलाही हात लावला नाही!"

"मंग? खेळलो बरूबर. पत्ता वाईट पडला." आवाज रोजचाच. बोटं मात्र खिशातले चिंचोके चाचपत होती.

उन्हाळ्यात भाऊ गेले. घाटघरला टोळीनंच खांदा दिला. रोज गोण्या वाहणारे आमचे खांदे. भाऊंचं ओझंच लागेना. दगडू रडत म्हणाला, "आरं, जड व्हायचं तरी व्हतं."

त्यांच्या आईनं माझा हात धरला. "यवतमाळचा पावणा तूच का? शांताराम लई सांगायचा." दर आवणीला भाऊ रजा काढून भात लावायला तिच्याकडे जात. यंदा खाचरात ती एकटी.

भाऊ, आवणीला मी जाणार आहे. आम्ही कापसाची माणसं, भाताचा चिखल मला ठाऊक नाही. आई शिकवतील. पहिली रोपं वाकडी लागतील, रागावू नका. तुम्ही मला पावणा म्हणालात, ते मी कधीतरी नक्की फेडीन.